न मोजता केलेली सही

आत्माराम मूळचा वाईचा. त्याचे वडील एका ठेकेदाराकडं विजेच्या खांबावर चढायच्या कामाला होते. उजव्या हाताची दोन बोटं नव्हती त्यांना. एकदा वर चढलेले असताना खालून कुणीतरी ओरडून सांगितलं, लाइन बंद केलीय, घाला हात. यांनी त्या शब्दावर हात घातला. जीव राहिला, बोटं गेली. पुढं आयुष्यभर जेवताना भाताचा घास त्या उरलेल्या बोटांतून निसटायचा, आणि ते काही झालंच नाही असं दाखवून पुन्हा कालवायला घ्यायचे. समोर आत्माराम जेवायला बसलेला असायचा. तपासल्याशिवाय तारेला हात लावू नको, हे बापानं त्याला तोंडानं कधी सांगितलं नाही. ते ताटच रोज सांगायचं.

अशा घरातला हा मुलगा. आणि त्याच्याच हातून तसं घडावं, म्हणून जिवाला जास्त लागतं.

दहावी झाल्यावर साताऱ्याच्या आयटीआयमधून वायरमन होऊन तो पुण्याला आला. निघताना वडलांनी आपला टेस्टर त्याच्या खिशाला लावला. पिवळ्या मुठीचा, आत इवलासा दिवा असलेला, पेनासारखा खिशाला अडकवतात तो. पुण्यात नंदिनीच्या वडलांनी नवा फ्लॅट घेतला, त्याची वायरिंग आत्मारामनं केली. महिन्याचं काम तीन महिने चाललं, तेव्हाच तिच्या आईनं ओळखायला हवं होतं. नंदिनी कॉम्प्युटर इंजिनिअर आणि हा वायरमन. घरात बरेच दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही. शेवटी पोरगी ऐकेना म्हणून लग्न लावून दिलं, बँड न लावता.

मग तिच्या कंपनीनं तिला जर्मनीला पाठवलं, रेगेन्सबर्गला, आणि तिच्या मागोमाग हा आला. एकतीस वर्षांचा होता तेव्हा.

आता रेगेन्सबर्गमधली आपली माणसं म्हणजे कोण, तर मोटारींच्या कारखान्यातली, नाहीतर कॉम्प्युटरवाली, नाहीतर युनिव्हर्सिटीत शिकणारी. गणपतीला जमली की पहिला प्रश्न, तुम्ही कुठल्या कंपनीत. आत्माराम म्हणायचा, मी नंदिनीचा नवरा. मग विचारणारा अच्छा अच्छा म्हणत हातातल्या प्लेटीकडं बघायचा. वाईट तसं कुणी नव्हतं. पण कुणाचा मिक्सर जळला, कुणाला छताला दिवा लावायचा असला की फोन याला यायचा, आणि सहलीला जायचं ठरलं की फोन नंदिनीला.

दोन वर्षांनी नंदिनीचा धाकटा भाऊ पुष्करही तिथंच आला. इलेक्ट्रिकल इंजिनिअर, चांगल्या हुद्द्यावर. त्यांच्या घरात बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात. पुष्करनं आत्मारामला दाजी म्हणून कधी हाक मारली नाही. इथं सगळे एकमेकांना नावानंच बोलावतात, असं म्हणून तो 'काय आत्माराम, काय चाललंय' करायचा. नंदिनीला ते टोचायचं. आत्माराम तिला म्हणायचा, जाऊ दे गं, नाव माझंच घेतो ना, दुसऱ्याचं तर नाही.

पण टोचायचं त्यालाही. म्हणून तर तो एवढा झगडला.

ग्रूबर नावाचा एक म्हातारा मायस्टर होता. मायस्टर म्हणजे आपल्या कामात सगळ्या परीक्षा दिलेला माणूस, ज्याला स्वतःचं दुकान काढता येतं, हाताखाली पोरं शिकवता येतात. त्याच्याकडं आत्माराम हरकाम्या म्हणून लागला. वायरीची वेटोळी खांद्यावर घेऊन जिने चढायचे, भिंतीला खाचा पाडायच्या, धुरळा झाडायचा. विशीतली पोरं त्याला आटप आटप करायची. पहिल्याच दिवशी ग्रूबरला त्याच्या खिशातला टेस्टर दिसला. तो हसला. म्हणाला, आमच्याकडं याला खोटारडी पेन्सिल म्हणतात. कधी वीज असून पेटत नाही, कधी नसून पेटते. आणि त्यानं कप्प्यातून दोन पायांचं मोजायचं यंत्र काढून याच्या हातात दिलं. बटण तू स्वतः बंद केलं असलं तरी मोजायचं. मी बंद केलं म्हणालो तरी मोजायचं. देव म्हणाला तरी मोजायचं.

आत्मारामला वडलांचं ताट आठवलं. त्या दिवसापासून टेस्टर खिशातून पेटीत गेला, पण टाकला नाही त्यानं.

मग कागदांचा खेळ सुरू झाला. आयटीआयचं सर्टिफिकेट जर्मनमध्ये करून पाठवलं, ते अर्धंच मान्य होऊन आलं. उरलेलं काम करून, परीक्षा देऊन भरून काढायचं. ते भरलं. मग मायस्टरची शाळा, शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी दिवसभर, साडेतीन वर्षं. नंदिनी ऑफिसातून येऊन त्याचे जर्मन शब्द घ्यायची. फ्रिजवर, आरशावर, संडासाच्या दारावर चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. कायद्याच्या पेपरात एकदा नापास झाला. तेव्हा तिथल्या मराठी मंडळात कुणीतरी म्हणालं, आता या वयात कशाला, बायको कमावतेय की. ते ऐकून नंदिनीनं त्या माणसाच्या घरी जाणंच सोडलं. दुसऱ्या खेपेला पास झाला. त्रेचाळीस वर्षांचा मायस्टर.

एवढ्यानंही संपत नाही तिकडं. घराघरात वीज पोचवणारी जी कंपनी असते, तिची एक यादी असते. त्या यादीत ज्याचं नाव, त्यानंच घराची वीज मोठ्या तारेला जोडायची, मीटरचं काम करायचं, आणि काम झालं की सही करून कळवायचं. यादीत नाव नसेल तर तुम्ही कितीही हुशार असा, तुमची सही म्हणजे नुसती रेघ. आत्मारामनं तळघरात आपलं छोटंसं दुकान थाटलं, कागद भरले, आणि कंपनीचा माणूस तपासायला आला. त्यानं रबरी मुठीचे पाने-पेचकस एकेक उचलून बघितले, नियमांची पुस्तकं या वर्षीची आहेत का बघितलं, मोजायच्या यंत्रावरचा तारखेचा शिक्का बघितला. नंदिनी वर स्वयंपाकघरात हात जोडून उभी होती, लग्नात जशी पोरीची आई उभी असते तशी.

एप्रिलमध्ये पोस्टानं एक छोटं कार्ड आलं. त्यावर त्याचं नाव आणि नंबर. आत्मारामनं ते देवापुढं ठेवलं, मग वाईला व्हिडिओ लावला. वडलांनी फोन डोळ्याशी नेला, लांब नेला, आपल्या मुलाचं नाव वाचलं. तीन बोटांच्या हातानं पडद्यावर हात फिरवला. शाबास म्हणाले नाहीत. म्हणाले, "आता लोक तुझ्या नावाकडं बघून तारेला हात लावतील. जपून, बाबा."

त्याच महिन्यात ग्रूबरनं काम सोडलं. आपली जुनी गिऱ्हाइकं त्यानं आत्मारामच्या हवाली केली आणि आपलं मोजायचं यंत्रही दिलं, लाल पट्ट्याचं, पंधरा वर्षं त्याच्या गळ्यात राहिलेलं. म्हणाला, सही करशील तिथं आधी हे लावलेलं असू दे. आणि डोळे पुसायला खिडकीकडं गेला.

सहा महिने म्हणजे सोन्यासारखे गेले. नंबर तर त्याला असा पाठ झाला होता की झोपेत विचारला तरी सांगेल.

ऑक्टोबरात नवरात्र आलं. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची, ही त्यांच्या घरची रीत. वाईला वडील पक्कड, पाना, दोरखंड मांडायचे. दसरा पार पडेपर्यंत पूजेतलं हत्यार हलवायचं नाही, दोन दिवस त्यालाही विश्रांती. आत्मारामनं जर्मनीतही ते मोडलं नाही. गिऱ्हाइकांना आधीच सांगून ठेवायचा, हे दोन दिवस मी येणार नाही. त्या वर्षी पाटावर पहिल्यांदा ग्रूबरचं यंत्र मांडलं, शेजारी वडलांचा टेस्टर, मागं दुकानाचा शिक्का. नंदिनीनं झेंडू वाहिला, हळदकुंकू लावलं.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं जेवण पुष्करकडं होतं. त्यानं गावाबाहेर घर घेतलं होतं, भिंतीला भिंत लागून ओळीनं घरं असतात तसलं, बाजूला गॅरेज. श्रीखंड-पुरी होती. मंडळातले जयंत आणि लता आले होते. आपट्याची पानं तिकडं कुठली, म्हणून नंदिनी दरवर्षी लिंडेनच्या झाडाची पिवळी पडलेली पानं वेचून आणते, तीही आपट्यासारखी हृदयाच्या आकाराची असतात. सोनं वाटायला सुरुवात झाली, आणि पुष्कर पान घेऊन आला तो सरळ आत्मारामच्या पायाशी वाकला.

"दाजी, सोनं घ्या," म्हणाला.

लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. आत्मारामला काय करावं कळेना. आशीर्वादाला हात उचलला तो वरच राहिला. पुष्कर जयंताकडं वळून सांगत होता, आमचे दाजी मायस्टर आहेत, अख्ख्या मराठी मंडळात एकटे, यादीत नाव आहे त्यांचं. जयंत म्हणाला, अरे वा, मग आता आमचंही काम सांगू. लता म्हणाली, मिक्सरचं नाही हं, मोठं काम. सगळे हसले. आत्मारामही हसला. नंदिनीचा चेहरा असा फुलला होता की विचारू नका.

जेवणं झाल्यावर पुष्कर त्याला गॅरेजमध्ये घेऊन गेला. विजेवरची गाडी घेतली होती त्यानं, आणि ती चार्ज करायची पेटी, वॉलबॉक्स म्हणतात तिला, भिंतीवर स्वतःच बसवली होती. दोन शनिवारांत बसवली म्हणे, व्हिडिओ बघून. पेटी छान सरळ बसली होती, हिरवा दिवा लागलेला. फक्त कंपनीला कळवायच्या कागदावर यादीतल्या माणसाची सही आणि नंबर हवा होता.

आत्मारामचा हात आपोआप छातीशी गेला. तिथं यंत्राचा पट्टा नव्हता. यंत्र पाटावर होतं, फुलाखाली.

"मोजायला लागेल रे," तो म्हणाला. "परवा येतो यंत्र घेऊन, मग करू सही."

"परवा मोजाच की दाजी, नाही कोण म्हणतंय. पण कागद आज गेला तर बरं. आणि मी काय परका आहे का? इंजिनिअर आहे मी, वायर उलटी नाही लावणार."

मागं दारात जयंत येऊन उभा होता. दाजींची सही कशी होते ते बघायला, असं चेष्टेनं म्हणाला. आता याला नाही म्हणायचं म्हणजे काय म्हणायचं, तर माझा तुझ्यावर विश्वास नाही असं. ज्यानं आज पहिल्यांदा दाजी म्हटलं, त्याला. सणाच्या दिवशी, त्याच्या घरचं जेवून, बायकोच्या माहेरच्या माणसांपुढं. भीड फार वाईट. जीभ उचलूच देत नाही. आत्मारामनं गाडीच्या टपावर कागद ठेवला, नंबर तोंडपाठ होता तो लिहिला आणि सही केली.

पुष्करनं ती पेटी गॅरेजच्या जुन्या वायरीला जोडली होती. ती वायर एका दिव्यापुरती, बारीक. मनगटाएवढी धार करंगळीएवढ्या नळीतून काढावी तसं झालं ते. गाडी लावली की जुना फ्यूज उडायचा, तर यानं फ्यूजच मोठा बसवला. म्हणजे ओरडणाऱ्याचंच तोंड बांधलं. यातलं काही बाहेरून दिसत नव्हतं. यंत्र लावलं असतं, एक झाकण उघडलं असतं, तर पाच मिनिटांत दिसलं असतं.

तिसऱ्या दिवशी आत्मारामनं फोन केला, तर पुष्कर कामासाठी हॅनोव्हरला गेलेला. मग दिवाळी आली. मग पुन्हा विचारलं, तर म्हणाला, चालतंय की मस्त, दाजी, कशाला धडपडताय. आत्माराम मनात म्हणायचा, पुढच्या आठवड्यात जाऊ. आपण न बोलावता यंत्र घेऊन गेलो तर त्याला वाईट वाटेल, असंही वाटायचं. खरं तर त्याला ते दाजी ऐकायला इतकं गोड लागलं होतं की त्यावर शंका घ्यायची हिंमतच होईना. डिसेंबर गेला.

जानेवारीत एका रविवारी भर दुपारी, पुष्कर बायको-मुलीला घेऊन बर्फात खेळायला गेला होता. गाडी घरीच चार्जिंगला लावून, मित्राच्या गाडीतून गेले होते. गॅरेजच्या दाराखालून धूर यायला लागला. शेजारी ओस्टरमायर म्हणून नवरा-बायको राहायचे, नवरा एक्याऐंशी वर्षांचा. त्याला खिडकीतून धूर दिसला. आत पोर अडकलीय की काय असं वाटलं त्याला. पुष्करची मुलगी उर्जा त्याच गॅरेजमध्ये आपली घसरगाडी ठेवायची आणि येता-जाता या म्हाताऱ्याशी गप्पा मारायची. तो घरातल्या चपला घालून तसाच धावला. वाटेवर बर्फ गोठलं होतं.

बंब आला, अर्ध्या तासात आग विझली. गॅरेज जळालं, गाडीचं तोंड जळालं. घराला काही झालं नाही. सगळे म्हणाले, सुटलो, माणसं वाचली. म्हाताऱ्याचं खुब्याचं हाड मोडलं होतं, तेवढं सोडलं तर.

आत्माराम धावत गेला. काळ्या भिंतीवर त्याला जळलेल्या वायरीचं टोक दिसलं आणि त्यानं बोटांनी तिची जाडी चाचपली. दुसरं काही बघायची गरज नव्हती. तिथंच खाली बसला तो, काजळीत.

चार दिवसांनी पुष्कर याच्याकडं आला. संध्याकाळची वेळ, नंदिनी आत कणीक मळत होती. विमा कंपनीनं प्रोटोकॉल मागितला होता. म्हणजे सही करण्याआधी काय काय मोजलं, किती आकडा आला, त्याचा कागद. असा कागद असतोच, कारण मोजल्याशिवाय कुणी सही करत नाही. पुष्करनं कोरा फॉर्म पुढं केला. आकडे त्यानं स्वतःच एका चिठ्ठीवर काढून आणले होते, चांगले, बसतील असे. तारीख दसऱ्याच्या आधीची घाला म्हणाला. फ्यूजचं मी बघतो, जळूनच गेलाय.

आत्मारामनं चिठ्ठी वाचली. म्हणाला, ते आजोबा अजून हॉस्पिटलात आहेत.

"त्यांचा काय संबंध, दाजी? बर्फावर घसरले ते. कुणीही घसरतं."

"ते आगीकडं धावले, पुष्कर."

पुष्कर बराच वेळ समजावत राहिला. घराचं काय, नोकरीत नाव काय राहील, उर्जाच्या शाळेत लोक काय म्हणतील. शेवटी आत्माराम एवढंच म्हणाला, एकदा न मोजता लिहिलंय, आता दुसऱ्यांदा नाही लिहिणार. वीज कंपनीला खरं काय ते कळवणार.

पुष्कर उठला. दारापाशी बूट घालताना म्हणाला, "ताईनं तुझ्यासाठी काय काय सोसलं, आणि तू तिच्या भावासाठी चार आकडे लिहू शकत नाहीस. बघ मग तू, आत्माराम."

दाजी तिथंच दारात गळून पडलं.

नंदिनी कणकेच्या हातांनी बाहेर आली. सगळं ऐकलं होतं तिनं. पाठचा भाऊ तो, तिनंच लहानपणी कडेवर खेळवलेला. आत्माराम तिच्याकडं बघेना. ती समोर बसली आणि रडत रडतच म्हणाली, "अहो, नका लिहू. मी उद्या पाया पडून मागितलं तरी लिहू नका."

आत्मारामनं स्वतः पत्र लिहिलं. सही माझी, काम माझं नाही, मोजलं नाही. तीन ओळी. नंदिनीनं व्याकरण तपासलं. चौकशी झाली, दंड झाला, त्याचं तितकं नाही. यादीतून नाव काढलं, कार्ड परत मागवलं. बारा वर्षं लागली ते कार्ड यायला आणि पाकिटात घालून परत पाठवायला एक तिकीट.

कार्ड पाठवलं त्या दिवशी तो ग्रूबरकडं यंत्र परत द्यायला गेला. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. खूप चिडला होता, मानेपर्यंत लाल झाला. टेबलावर यंत्र तसंच पडून होतं. शेवटी त्यानं ते ढकललं याच्याकडं.

"ठेव. तू ते लावलं नाहीस, यात त्याचा काय दोष," म्हणाला, आणि कॉफी विचारली नाही. त्यानंतर पुन्हा कधी फोनही केला नाही.

आत्माराम दर रविवारी हॉस्पिटलात जायचा. पहिल्या रविवारी ओस्टरमायर बाईला त्यानं उभ्या उभ्या सांगितलं, माझ्या सहीमुळं झालं हे. ती उंच, हडकुळी बाई, चेहऱ्यावरची रेघ हलत नाही अशी. तिनं ऐकलं आणि म्हणाली, खुर्ची तिकडं आहे. तेवढंच. मग तो खुर्चीवर बसायचा. म्हातारा त्याला उर्जाच्या गोष्टी सांगायचा, की ती पोर पुष्करला जर्मनमध्येच उत्तर देते आणि बाप मराठीतच रागावतो. हसताना त्याला खोकला यायचा. तो खोकला छातीत उतरला. पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाचं होतं तसं. मार्चमध्ये, पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात तो गेला.

आत्माराम कबरस्तानात मागं, झाडाखाली उभा राहिला. पुष्करही आला होता. दोघांच्या मधे वीस माणसं होती आणि दोघंही एकमेकांच्या पायांकडं बघत होते.

वाईला वडलांना काय सांगायचं, हा मोठा प्रश्न होता. महिनाभर टाळलं. मग सांगितलं. वडलांनी फोन खाली ठेवला असावा, कारण पडद्यावर नुसतं छत दिसत होतं आणि गरगर फिरणारा पंखा. मग आवाज आला, जेवलास का. आत्माराम हो म्हणाला. जेवला नव्हता.

दुकान बंद केलं. शेजारच्या गावात एकाकडं नोकरी धरली. काम तेच, वायरी ओढायच्या, मोजायचं, आकडे लिहायचे. खाली सही मालकाची. घरात सगळं पहिल्यासारखं दिसायचं, फक्त नंदिनीच्या फोनवर भावाचं नाव यायचं बंद झालं, आणि राखी पोस्टानं पाठवली ती न फोडता परत आली.

वर्ष फिरून नवरात्र आलं. खंडेनवमीला आत्मारामनं पाट मांडला. यंत्र, टेस्टर, पक्कड. शिक्का आता नव्हताच, तर ती जागा मोकळी राहिली. नंदिनीनं तिथं दोन फुलं जास्त वाहिली.

दसऱ्याला सकाळी अकराच्या सुमाराला फोन वाजला. ओस्टरमायर बाई. तिनं हॅलोसुद्धा धड म्हटलं नाही. म्हणाली, "माझं घर आणि शेजारचं घर एकाच वर्षी बांधलंय, एकाच माणसानं. माझ्या भिंतीतही तीच वायर असणार. मला झोप लागत नाही. तू येऊन मोज."

आत्मारामनं सांगितलं, मला आता तसा अधिकार नाही, मी चांगला माणूस पाठवतो. ती म्हणाली, चांगला माणूस येऊन गेला. दारातूनच बघितलं आणि पास्ट शोन म्हणाला. म्हणजे आपल्याकडं चालतंय की म्हणतात तसं. तू तसं म्हणणार नाहीस.

फोन ठेवून तो पाटासमोर उभा राहिला. तेरा वर्षांत पूजेतलं हत्यार त्यानं कधी हलवलं नव्हतं. नंदिनी मागं येऊन उभी राहिली. तिनं वाकून यंत्रावरचं झेंडूचं फूल उचलून बाजूला ठेवलं. त्यानं पट्टा गळ्यात घातला. हळदकुंकू पुसलं नाही.

त्या घरात त्यानं साडेतीन तास मोजलं. स्वयंपाकघर, न्हाणी, तळघर, म्हाताऱ्याची लाकूडकामाची खोली, जिथं रंधा अजून अर्ध्या फळीवर ठेवलेला होता. एकतीस जागा. बाई प्रत्येक खोलीत त्याच्या मागं उभी. दोन ठिकाणी वायर बारीक आणि तापलेली निघाली. ती त्यानं बंद केली, वर चिठ्ठी लावली आणि म्हणाला, हे बदलायला माझा मालक येईल, मी त्याच्याबरोबर येईन. सगळे आकडे कागदावर उतरवले, चांगले नि वाईट.

मधेच तो फ्यूज बघायला अंगणात आला, तेव्हा कुंपणापलीकडं उर्जा शाळेतून येत होती. वर्षात वाढली होती बरीच. तिनं त्याला ओळखलं आणि हात वर केला. आतून कुणीतरी तिला हाक मारली. तिनं एकदा घराकडं बघितलं, एकदा याच्याकडं, आणि हात तसाच वर ठेवून पाठीपाठीनं चालत आत गेली.

बाईनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद वाचून काढला, चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून. मग तळाशी बोट ठेवलं. तिथं सही हवी होती.

"माझी सही आता कुठं चालत नाही," आत्माराम म्हणाला.

"मला कुठं पाठवायचा नाहीये. कुणी मोजलं ते लिही."

त्यानं नाव लिहिलं, आत्माराम, सगळं, सावकाश, शाळेत काढतात तसं. शेजारी नंबरचा रकाना होता. नंबर अजून तोंडपाठ होता त्याला. पेन थोडा वेळ त्या रकान्यावर थांबलं, मग त्यानं ते टोपण लावून खिशात ठेवलं.

बाईनं कागदाची घडी केली आणि ड्रॉवर उघडला. आत नवऱ्याचा चष्मा होता, घरातल्या चपलांचा एक तुटलेला पट्टा होता. त्यांच्यावर कागद ठेवून तिनं ड्रॉवर लावला आणि विचारलं, कॉफी घेणार का.